मंगळवारच्या बोटीआधी

धक्क्यावरच्या बर्फात केझायाचं मनगट मोडलं
आणि गोधडी माझ्या गळ्यात पडली.
अर्धीमुर्धी, चौकटीवर ताणलेली,
स्वयंपाकघरात वाट अडवून बसलेली.
"चाळीस वर्षं जाळी विणलीस," बहीण म्हणाली,
"तुला हे काय जड आहे?"

जड होतं.
जाळ्याची सुई माझ्या तळहाताएवढी,
लाकडाची, बापानं कोरलेली.
ही बोटांत आहे की पडली
ते चष्मा लावूनही कळेना.
पहिल्या दिवशी तीन वीत धावदोरा घातला,
केझायानं खुर्चीतून नुसती मान हलवली
आणि सगळा उसवायला लावला.
"एलम, हे टाके नाहीत, कॉडची जाळी आहे.
यातून थंडी आत येईल, जेवेल आणि मग जाईल."

गोधडी थियाची, माझ्या नातीची.
मंगळवारी बोट, मग विमान, मग अल्बर्टा,
जिथे जमिनीतून तेल काढतात
आणि पोरं नाताळला येतो म्हणतात.

अस्तर पिठाच्या पोत्यांचं.
आईनं साबणात उकळून उकळून
छापील अक्षरं घालवली होती, तरी
दिव्यासमोर धरलं की अजून दिसतं
उलट्या अक्षरांत: अठ्ठ्याण्णव पौंड.
आम्ही सहा भावंडं
त्या वजनाखाली झोपायचो.

रविवारी रात्री तिनं मला कणिक मळायला लावली.
काकवी, मनुका, यीस्ट, कोमट पाणी.
"किती कोमट?"
"तान्ह्या पोराला आंघोळ घालशील तेवढं."
मला पोरांना आंघोळ घातल्याचं आठवेना.
मी तेव्हा समुद्रावर असायचो.
तिनं डाव्या हाताची करंगळी बुडवून पाहिली,
मग गोळ्यावर क्रॉस ओढला, आणि
परात शेगडीजवळ निजवली.
पांघरायला माझा कोट घेतला, तो ओला.
म्हणून गोधडी घेतली. कालच चौकटीतून सुटलेली.
रात्रीपुरती.

मध्यरात्री वारा उत्तरेचा झाला.
मी उठून शेगडीत तीन ओंडके सारले.

पहाटे कणीक परातीत नव्हती.
म्हणजे होती, पण गोधडीतही होती,
एका कोपऱ्यात हातभर चढून बसलेली,
काकवीचा तपकिरी डाग
पोत्याच्या अक्षरांपर्यंत पोचलेला.
केझाया इतकी हसली
की मोडका हात टेबलावर आपटला,
आणि मग जे बोलली
ते आमच्या पाद्रीबाबांनी ऐकायला नको.

डाग निघाला नाही. धुतला, घासला, नाहीच.
तिनं कात्री मागितली
आणि माझ्या अंगातल्या शर्टाकडे पाहिलं.
"हा चांगला आहे," मी म्हणालो.
"म्हणून तर."
छातीवरचा तुकडा कापला, खिशासकट.
"हे ठिगळ तू लाव. तुझीच गाठ मार, जाळ्याची.
ती सुटत नाही ना?"
"माशानं ओढली तर आणखी आवळते."
"मग तीच."
रात्री दोन वाजेपर्यंत मारल्या. बावीस गाठी.
या वेळी तिनं एकही उसवली नाही,
पण मोजल्या.

धक्क्यावर थियानं गोधडी पिशवीत कोंबली,
पुन्हा काढली, खिसा दिसला,
हात घातला.
"आजोबा, यात काहीतरी राहिलंय."
माशांचं वजन मांडायची पेन्सिल,
बोटाच्या पेराएवढी उरलेली.
मला आठवणच नव्हती.
"परत देऊ?"
बोटीचा भोंगा वाजला, तेव्हा
मी काय म्हणालो ते मलाच ऐकू आलं नाही.
तिनं पेन्सिल खिशात परत ठेवली, एवढं दिसलं.

घरी आलो. टेबलाभोवती
एकदम फार जागा झाली होती.
परातीला चिकटलेल्या कणकेचा एक पाव निघालेला,
तोही वरून करपलेला.
"वरचं खरवडून टाक," केझाया म्हणाली, "आत ठीक असेल."
मग लोणी पुढे सरकवत:
"आणि यापुढे दोनच ओंडके."